बिघडलेल्या रिपोर्टचा आनंद

परळच्या एका तपासणी केंद्राच्या जिन्यातच मी पाकीट फाडलं. रिपोर्ट डॉक्टरांसमोरच उघडा, असं काउंटरवरच्या मुलीने बजावलं होतं, पण स्वतःच्या नावाचं बंद पाकीट हातात असताना टॅक्सीपर्यंत दम धरणारी माणसं मी तरी पाहिलेली नाहीत. आत लाटांचे दोन आलेख होते आणि खाली दोन आकडे. डावा डोळा १०२ मिलिसेकंद, उजवा १३८. उजव्या बाजूला विलंब आहे, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ. ती वाचून मी हसले. ओठातल्या ओठात नाही, चांगली जिन्यात घुमेल अशी हसले आणि नवऱ्याच्या दंडावर फटका मारून म्हणाले, "बघ! म्हणत नव्हते मी?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, रिपोर्ट खराब आलाय. यात आनंद होण्यासारखं काय आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. लालबागच्या पुलावर टॅक्सी चढेपर्यंत हसू ओसरलं आणि मग भीती आली, ती यायला हवी होती तशीच आली. भीतीचं मला कोडं नव्हतं. त्या हसण्याचं होतं, आणि त्याने पुढे कितीतरी दिवस पिच्छा सोडला नाही.

सुरुवात मंगळदास मार्केटात झाली होती. नणंदेच्या मुलीचं लग्न, त्यासाठी काढलेली साडी, आणि तिच्या लाल काठाला जुळणारा ब्लाउजपीस. दुकानदाराने एकामागून एक थान उलगडून साडीवर टाकलं. "एकदम मॅचिंग, भाभी." मला ते जुळत नव्हतं. ट्यूबलाइटचा दोष असेल म्हणून साडी उचलून दाराशी उजेडात आणली. तेवढ्यात डाव्या डोळ्यात कसलंसं कुसळ गेलं, म्हणून तो मिटून चोळायला लागले, आणि काठाचा लाल रंग गेला. साडी दिसत होती, जरतार दिसत होती, विणकामातली नक्षीसुद्धा दिसत होती, पण लाल विझून विटकरी झाला होता. डावा डोळा उघडला की लालभडक. मिटला की विटकरी. मी दारात उभी राहून डोळे आळीपाळीने मिचकावतेय आणि दुकानदार नजर दुसरीकडे वळवून थानं गुंडाळतोय, असा एक अवघड क्षण गेला. शेवटी त्याचं ऐकून ब्लाउजपीस घेतला. जुळत होता म्हणे.

मग उजवा डोळा वर-खाली फिरवला की त्याच्या मागच्या बाजूला खोल दुखायला लागलं. चर्नी रोडच्या पुलाचे जिने चढून वर आलं, अंग तापलं, की त्या डोळ्यापुढे धुरकट व्हायचं आणि प्लॅटफॉर्मवर पंख्याखाली उभं राहिलं की निवळायचं. हे उन्हाचं असेल, असं मीच स्वतःला सांगितलं. (श्रम झाले की काही रुग्णांची नजर अशी अंधारते, हे विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्येच लिहून ठेवलंय; अंग तापल्याने डोळ्याची सुजलेली नस आणखी मंदावते, हे कारण पुढे कळलं. एप्रिलातल्या मुंबईत त्याला रुग्णांची वाण पडली नसती.) पण खरी पंचाईत केली ती आमच्या घड्याळाने. गिरगावातल्या आमच्या घरी आजेसासऱ्यांच्या वेळचं लंबकाचं घड्याळ आहे. रविवारी जेवण झाल्यावर पलंगावर आडवी होऊन बघत होते, तर लंबक उजवीकडून डावीकडे जाताना भिंतीत शिरत होता आणि परत येताना माझ्याकडे येत होता. म्हणजे सरळ झोके घेत नव्हता, तर आडवा पडलेला लंबगोल काढत होता. काचेच्या दाराच्या आत, जिथे दोन बोटं जागा नाही तिथे! एक डोळा झाकला की शहाण्यासारखा सरळ. दोन्ही उघडले की फिरायला लागला.

मी सगळ्यांना बोलावून सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, तू झोप." नवरा स्टुलावर चढून लंबकाचा खिळा सैल झालाय का ते बघून आला. ऑपेरा हाऊसच्या सिग्नलला बेस्टची बस अंगावर तिरकी येते, हेही मी सांगितलं. तर बस तिरक्याच चालवतात, हे उत्तर तयार होतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं, जीभ बघितली, मोबाइल किती वेळ बघता ते विचारलं आणि म्हणाले, टेन्शन कमी करा. चष्म्याच्या दुकानात अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. मी जवळजवळ सगळ्या ओळी वाचल्या. नंबर ठीक आहे, चाळिशी आहे, होतं असं. आपल्याकडे बायकांच्या तक्रारींना तीनच खाती आहेत: पित्त, टेन्शन आणि रक्त कमी. लंबक गोल फिरतो ही तक्रार तिन्हींपैकी कशातच बसेना, तेव्हा ती टेन्शनमध्ये टाकली गेली. मला राग आला असं म्हणता येणार नाही. त्याहून वाईट झालं, मला शंका यायला लागली. मी घड्याळाच्या खोलीत जायचं टाळू लागले. आपण बघतो ते आहे की नाही, हे चार माणसांना विचारून ठरवायची वेळ आली की माणूस हळूहळू विचारणंच बंद करतो.

डोळ्यांच्या एका तरुण डॉक्टरणीने मात्र टेबलावरच्या ड्रॉपच्या बाटलीचं लाल टोपण काढून माझ्यासमोर धरलं. "या डोळ्याने बघा. आता त्या. सारखंच लाल आहे?" मला तिथेच रडू आलं. मंगळदास मार्केटात मी जे करत होते तेच तिने मला रीतसर करायला लावलं होतं. मग तिने टॉर्चचा झोत या डोळ्यावरून त्या डोळ्यावर असा फिरवला, बाहुल्या कशा आकसतात ते बघितलं आणि कागदावर लिहिलं, ऑप्टिक न्यूरायटिस. डोळ्याच्या नसेला सूज. एमआरआय करा आणि व्हीईपी, म्हणजे डोळ्याने बघितलेलं मेंदूपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ती तपासणी, करा. जाताना म्हणाली, "डोकं शाम्पूने धुवून जा. तेल अजिबात नको."

तपासणी केंद्रात सगळेच कोरड्या, भुरभुरत्या केसांचे. रोज चापूनचोपून तेल लावणारी माणसं अशी बसलेली बघून जरा अनोळखी घरात आल्यासारखं वाटलं. माझ्या शेजारी बदलापूरहून आलेली एक मुलगी होती, विशी-बाविशीची, मांडीवर दहा-अकरा महिन्यांचं बाळ. त्याची ‘बेरा’ करायची होती, कानाची. बाळ गाढ झोपलेलं लागतं म्हणून रात्रभर जागवलेलं, सकाळी झोपेचं औषध पाजलेलं, आणि आता ते टक्क जागं राहून पंख्याकडे बघत होतं. "तीन महिन्यांची होती तेव्हापासून सांगतेय," ती मला म्हणाली. विचारलं नव्हतं तरी म्हणाली. "कुकरची शिट्टी झाली तरी दचकत नाही. तर सासूबाई म्हणतात, आमच्याकडे सगळी पोरं उशिरानेच बोलतात, हिचा बाप चार वर्षांचा झाल्यावर बोलला." मग खालच्या आवाजात, "आज निघालं काही तर वांद्र्याच्या अली यावर जंगला, त्या कानाच्या संस्थेत न्यायचं. त्यांनी आधीच पत्ता लिहून दिलाय."

बेराची गंमत अशी की ती ज्याची करायची त्याला काहीच सांगावं लागत नाही. कानात टिक-टिक असा आवाज सोडतात, डोक्यावर दोन-चार तारा, आणि आवाज कानापासून मेंदूच्या देठातून वर जाताना वाटेत ज्या लाटा उठतात त्या मोजतात. पहिल्या दहा मिलिसेकंदांत पाच ठळक लाटा. डॉन ज्युएट आणि जॉन विलिस्टन यांनी १९७१ मध्ये माणसांमध्ये त्या नीट दाखवून दिल्या. पाचवी लाट सगळ्यात चिवट, आवाज कमी करत नेला तरी शेवटपर्यंत टिकते. ती जिथे दिसेनाशी होते, साधारण तिथे ऐकण्याची सीमा. बाळ झोपेत असतं, त्याला विचारायचं नाही, त्याच्या आईला विचारायचं नाही. ती मुलगी सात-आठ महिने जे कंठशोष करून सांगत होती, ते तिचं लेकरू झोपेत अर्ध्या तासात सांगणार होतं.

बाळाला अखेर झोप लागली. तिने मला डोळ्यांनीच "लागली" असं सांगितलं आणि आत गेली. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, कारण तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आतल्या खोलीत एसी मरणाचा. तंत्रज्ञ ताई माझ्याच वयाच्या, कोकणी हेलाच्या. त्यांनी टेपने माझं डोकं मोजलं, नाकाच्या मुळापासून मागे कवटीच्या उंचवट्यापर्यंत, आणि पेन्सिलने खुणा केल्या. हे मोजमाप मनाने करायचं नसतं. १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्परने घालून दिलेली पद्धत आहे, अंतराच्या दहा आणि वीस टक्क्यांवर खुणा. एक तार कपाळाच्या वर आणि मुख्य तार पार मागे, अंबाड्याच्या खाली. डोळे पुढे आणि दिसणं मागे, हे शाळेत शिकलेलं होतं, पण कुणीतरी तिथे रवाळ जेलने खसाखसा घासून इवल्या वाटीसारखी धातूची टिकली चिकटवल्याशिवाय ते पटत नाही. मग डाव्या डोळ्यावर पट्टी आणि खोलीत अंधार. एक मीटरवर पडदा, पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी. दर अर्ध्या सेकंदाला काळ्या जागी पांढरी, पांढऱ्या जागी काळी. "मधल्या लाल ठिपक्याकडे बघत राहा," ताई म्हणाल्या. लाल! मी म्हटलं, मला तो लाल दिसत नाही. "नसू दे. आहे ना ठिपका? मग झालं. तुम्ही काही सांगायचं नाही आता, फक्त बघायचं. जबडा ढिला सोडा. कपाळाला आठ्या नकोत."

जबडा ढिला सोडणं ही मुंबईत राहणाऱ्या माणसाला शिकवायची गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी सोडला असं मला वाटायचं आणि ताई म्हणायच्या, "सोडा हो बाई." स्नायू आवळला की त्याची वीज मेंदूच्या विजेवर मात करते. कारण मोजायचं ते फार थोडं असतं, दहाएक मायक्रोव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, त्याचा दीड लाखावा भाग. मेंदूची स्वतःची गडबड त्याच्या कितीतरी पट. एका चौकटीला मेंदूने दिलेलं उत्तर या गोंगाटात मुळीच सापडत नाही. म्हणून शंभर-शंभरदा तीच चौकट उलटवतात आणि प्रत्येक वेळची नोंद आधीच्या नोंदीत मिळवत जातात. गोंगाट कधी वर कधी खाली, तो एकमेकाला खातो. उत्तर मात्र दर वेळी ठरलेल्या क्षणी येतं, ते साचत जातं. शंभर वेळा केलं की गोंगाट दहापट खाली बसतो.

ही युक्ती लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या नॅशनल हॉस्पिटलात जॉर्ज डॉसन यांनी बसवली. १९४७ मध्ये त्यांनी मनगटाच्या नसेला विजेचे हलके धक्के दिले आणि डोक्यावरच्या नोंदींचे फोटो एकावर एक छापले. जिथे रेघा दाट झाल्या तिथे मेंदूचं उत्तर. पुढे १९५१ मध्ये त्यांनी बेरीज करणारं यंत्रच दाखवलं, फिरता स्विच आणि विजेचा साठा करणाऱ्या कपॅसिटरांची रांग. संगणक दवाखान्यात यायला अजून अवकाश होता तेव्हाची ही गोष्ट. मी हे नंतर वाचलं. पण त्या खुर्चीत बसल्या बसल्या जे जाणवलं ते एवढंच, की एकच गोष्ट शंभर वेळा सांगितल्याशिवाय ऐकू न येणं हे यंत्राच्या बाबतीतही खरं आहे. फरक इतकाच, की यंत्र नव्व्याण्णवाव्या वेळेला कंटाळलं नव्हतं.

निरोगी डोळ्याची मोठी लाट चौकट उलटल्यानंतर साधारण १०० मिलिसेकंदांनी येते. तिचं नावच पी-१००. आता डोळ्यापासून डोक्याच्या मागपर्यंत अंतर ते किती, वीतभर. त्यातला बराचसा वेळ खुद्द डोळ्याच्या पडद्यावरच जातो, उजेडाची वीज होण्यात. पुढे दहा-बारा लाख तंतूंची नस. प्रत्येक तंतूवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं आणि ते शाबूत असलं की संदेश टप्प्याटप्प्याने उड्या मारत जातो. सुजेने ते वेष्टण निघालं की तोच संदेश रखडतो. हॅलिडे, मॅकडोनल्ड आणि मुशिन या तिघांनी १९७२ मध्ये ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच दाखवलं. ऑप्टिक न्यूरायटिस होऊन गेलेल्या डोळ्याची लाट उशिरा येते, आणि दृष्टी परत आली तरी उशिराच येत राहते. पुढल्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे मेंदूत जागोजागी हेच वेष्टण निघून डाग पडतात त्या आजाराच्या, रुग्णांवर केलेल्या कामात, ज्यांनी डोळ्याची कधी तक्रारच केली नव्हती अशांमध्येही हा विलंब सापडला. म्हणजे तक्रार असते आणि कुणी ऐकत नाही, तसंच दुखणं असतं आणि तक्रारच नसते.

माझ्या दोन डोळ्यांत ३६ मिलिसेकंदांचा फरक होता. लंबकाचं कोडं त्यातच होतं. डावा डोळा लंबक ‘आता’ जिथे आहे तिथे दाखवतो, उजवा तो क्षणापूर्वी जिथे होता तिथे. मेंदूला दोन डोळ्यांतल्या अशा फरकाचा एकच अर्थ ठाऊक आहे, तो म्हणजे वस्तू जवळ आहे की लांब. म्हणून तो लंबक एका दिशेला जाताना भिंतीत ढकलतो आणि दुसऱ्या दिशेला जाताना अंगावर आणतो. बसचंही तेच. या प्रकाराला नाव आहे, पुलफ्रिशचा परिणाम. जर्मनीत येना इथे झाइस कंपनीत काम करणाऱ्या कार्ल पुलफ्रिश यांनी १९२२ मध्ये त्याचं स्पष्टीकरण दिलं. काळी काच एका डोळ्यासमोर धरली तरी हे होतं, कारण अंधूक प्रतिमेचा संदेशही उशिरा पोचतो. आणि गंमत म्हणजे पुलफ्रिश यांचा स्वतःचा एक डोळा त्याआधीच गेलेला होता. लंबक गोल फिरताना त्यांना कधी दिसणं शक्यच नव्हतं. ज्यांना दिसत होतं त्यांच्या सांगण्यावर विसंबून त्यांनी ते मांडलं.

हे वाचलं तेव्हा मी मुलाला हाका मारून मारून उठवलं.

खरं तर संदेशाला वेळ लागतो हीच गोष्ट एकेकाळी कुणाला पटत नव्हती. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या नसेतला वेग मोजला. सेकंदाला २५ ते ३० मीटर, म्हणजे मोकळ्या रुळावर सुटलेल्या आपल्या विरार फास्टइतका. त्याचे गुरू योहानेस म्युलर यांनी लिहून ठेवलं होतं की हा वेग मोजायचं साधन आपल्या हाती कधी येणार नाही. हेल्महोल्ट्झच्या वडिलांनी पत्र लिहून शंका काढली की मनात येणं आणि शरीराने करणं एकदमच होतं ना, मग मध्ये वेळ कुठला? मला त्या वडिलांबद्दल आपुलकी वाटते. आपणही तसंच जगतो. बघणं म्हणजे लगेच दिसणं, हे गृहीत नसतं तर ऑपेरा हाऊसचा रस्ता कुणी ओलांडला असता?

तर, आनंद कशाचा झाला होता. मी खोटी नव्हते याचा, हे सोपं उत्तर आहे आणि ते अर्धंच आहे. कारण मला लगेचच एक बोचरी गोष्ट जाणवली होती. माझं खरेपण त्या कागदावर अवलंबून होतं. १३८ च्या ऐवजी ११० आला असता तर लंबक गोल फिरायचा थांबला नसता, पण मी पुन्हा टेन्शनच्या खात्यात गेले असते. आणि यंत्र तरी सगळं स्वतःच ठरवतं असं कुठे आहे? मी मुद्दाम नजर विस्कटून बसले असते, ठिपक्याच्या पलीकडे बघत राहिले असते, तर लाट बिघडवता आली असती. ताई म्हणूनच अधूनमधून माझ्या डोळ्यांकडे वाकून बघत होत्या. म्हणजे तिथेही कुणालातरी माझ्यावर थोडा विश्वास ठेवावा लागतोच, फक्त तो रिपोर्टवर छापून येत नाही.

हे सगळं मी ज्यांना सांगावं असं एकच माणूस घरात होतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना बारा-पंधरा वर्षं मधुमेह. रात्री तळपाय जळतात. इतके, की पहाटे उठून स्वयंपाकघरातल्या गार लादीवर पाय टेकवून बसतात, अंगावर शाल आणि पाय उघडे. दोन वर्षांपूर्वी त्यांची नसांची तपासणी केली होती. घोट्यापाशी विजेचे चिमटे, पोटरीला तारा, नसेचा वेग मोजायचा. चिमटे सोसून आल्या आणि रिपोर्ट आला नॉर्मल. त्या दिवसापासून त्यांचे जळणारे पाय घरात थोडे अप्रतिष्ठित झाले. कुणी काही बोललं नाही, पण "रिपोर्ट नॉर्मल आहे ना" हे वाक्य जेवणाच्या ताटावर येऊन बसायचं. पाणी जास्त प्या. रात्री चहा नको. मनात आणू नका.

माझ्या आकड्यांची बातमी ऐकून सगळे चिंतेत पडले, फोन झाले, नणंद धावत आली. आईंनी रिपोर्ट हातात घेतला, चष्मा वर करून दोन लाटा निरखल्या आणि म्हणाल्या, "नशीब तुझं. तुझा रिपोर्ट तरी बिघडला."

नवऱ्याला जिन्यात जे कळलं नव्हतं ते त्यांना न सांगता कळलं होतं. त्या हसल्या नाहीत, मीही नाही.

नसांच्या डॉक्टरांनी मला तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड दिलं. तोंडाला सतत पितळेची चव, रात्री झोप नाही, आणि अवेळी अफाट भूक. एमआरआयमध्ये मेंदूत डाग नव्हते, तेव्हा पुढचं मोठं नाव सध्या घ्यायचं नाही, लक्ष ठेवायचं, असं ठरलं. काही आठवड्यांत धुरकटपणा गेला. लालही परत आला, अगदी सगळा नाही, पण काठ ब्लाउजपीसला जुळतो हे मला मान्य करावं लागलं. लंबकाचा लंबगोल चपटा होत गेला. पुन्हा तपासणी केली तेव्हा उजवा डोळा १२६. मी डॉक्टरांशी वाद घातला. मला नीट दिसतंय, मग हा आकडा कसा? मशीनमध्ये काही गडबड असेल. ते म्हणाले, "दिसणं सुधारलंय हे खरं, आणि आकडा मागे राहिलाय हेही खरं. वेष्टण पहिल्यासारखं होत नाही. तुम्ही आकड्याकडे बघू नका." आधी ज्या कागदाला कवटाळून मी जिन्यात नाचले होते, त्याच कागदाशी मी आता भांडत होते. माझ्या बाजूने बोलेपर्यंतच मला यंत्र पटत होतं. जाताना त्यांनी सुचवलं की बस अजून तिरकी वाटली तर चष्म्याच्या डाव्या, म्हणजे चांगल्या काचेला हलका गडद रंग द्या, तो डोळाही थोडा मागे पडेल आणि दोघांचा मेळ बसेल. चांगल्याला मागे ओढून मेळ बसवायचा, हा उपाय मला आमच्या ऑफिसातून ओळखीचा होता.

उठता उठता मी त्यांना आईंच्या पायांबद्दल विचारलं. नॉर्मल रिपोर्टबद्दलही. त्यांनी मान हलवली. ती तपासणी जाड नसांचा वेग बघते, म्हणाले, सेकंदाला चाळीस-पन्नास मीटरने जाणाऱ्या. जळजळ आणि चटके ज्या नसा वाहून नेतात त्या अगदी बारीक, बहुतेकींना वेष्टणच नसतं, सेकंदाला मीटरभर सरकतात. त्या तपासणीला त्या दिसतच नाहीत. "त्यांना घेऊन या."

दोन वर्षं आमच्या घरात एक कागद त्यांच्या पायांबद्दल साक्ष देत होता, आणि त्याने ते पाय पाहिलेच नव्हते.

आईंना घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांना जवळच्या खुर्चीवर बसवून विचारलं, कधीपासून, दिवसा की रात्री, चादर लागली तर सहन होतं का, गार लादीवर बरं वाटतं का. लादीचं नाव निघाल्यावर आई जरा पुढे सरकून बसल्या. मग टाचणीचं टोक आणि गार चिमटा बोटांपासून घोट्यापर्यंत लावून बघितला, कुठून कळतं ते विचारत. घोट्याच्या वर कातडीचा तीन मिलिमीटरचा तुकडा काढून त्यात बारीक तंतू किती उरलेत ते मोजता येतं, पण तुमच्या बाबतीत त्याची गरज नाही, म्हणाले. इतक्या वर्षांची साखर आहे आणि तुम्ही इतकं नेमकं सांगताय. साखर काबूत ठेवा, आणि रात्री झोपताना ही एक गोळी. हळूहळू वाढवू.

खाली टॅक्सीची वाट बघत आई प्रिस्क्रिप्शन उलटसुलट करत होत्या.

"वायर लावली नाही, मशीन नाही, काही नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं आणि त्याने लिहून दिलं. नीट शिकलेला आहे ना गं हा?"

"आहेत, आई. मोठे डॉक्टर आहेत."

"मग एखादी टेस्ट तरी सांगायची. फी मात्र पूर्ण घेतली."